शिकाऊ मुली कारखान्यात येतात तेव्हा या चुका टाळा

लोटे-परशुराम असो, मिरजोळे असो की कुडाळ, आयटीआयच्या शिकाऊ मुलींची विचारपूस करायला मी एमआयडीसीत जाते. चुका सगळीकडे त्याच.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे लैंगिक छळाची तक्रार आली की मुलीलाच हलवणं. एका कारखान्यात फिटरची एक शिकाऊ मुलगी होती. जुना ऑपरेटर रात्री नको ते मेसेज पाठवायचा, दिवसा मशीनपाशी उगाच खेटून उभा राहायचा. तिने सुपरवायझरला सांगितलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी तिला रजिस्टर लिहायला ऑफिसात बसवलं. "मॅडम, तिच्या भल्यासाठीच केलं," हे वर मलाच. ऑपरेटर आपल्या मशीनवर, आणि परीक्षा तोंडावर असताना हिचं फाइलिंग-ड्रिलिंग बंद! बाकीच्या मुली काय समजायचं ते समजल्या आणि गप्प झाल्या. तिने लेखी अर्ज दिल्यावर ती बेंचवर परतली, पण बुडालेलं काम कोण भरून देणार? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात चौकशीच्या काळात तिची किंवा त्याची बदली करता येते, पण तिच्या लेखी विनंतीवर, तक्रारीची चौकशी करणाऱ्या समितीच्या शिफारशीने. मी आधी विचारते, "तुला काय हवंय?" उत्तर तिच्याच हाताने लिहून घेते. हलायचं तर त्याने हलावं, असं माझं ठाम मत आहे.

"ती कुठे आपली कामगार?" हेही नेहमीचंच. कायद्यात शिकाऊ आणि प्रशिक्षणार्थी दोघी येतात. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती हवीच. काजूच्या छोट्या युनिटमध्ये किंवा गॅरेजात तेवढी नसतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रारीची मुदत तीन महिने, समितीला पटलं तर आणखी तीन. "ट्रेनिंग संपू दे, मग बघू" म्हणणारे साहेब तीच मुदत खातात. "गावात बोभाटा नको, मिटवा" हाही आडमार्गच. समेट फक्त तिने मागितला तर, आणि पैसे देऊन कधीच नाही.

नव्या एचआरवाल्यांना घाई फार. पोस्टर चिकटवलं की झाली समिती! मी त्यावरच्या नंबरला तिथेच उभी राहून फोन लावते.

संडासाला आतून कडी हवी. सेफ्टी शूज तिच्या मापाचे हवेत. दुसरी पाळी सुटल्यावर कंपनीच्या गाडीने तिला हायवेच्या फाट्यावर नाही, घरापर्यंत सोडावं.

आणि मुलीच्या कामाची नोंद असते त्या लॉगबुकची सही एकाच माणसाच्या हाती ठेवू नका. "सही हवी ना?" एवढ्या तीन शब्दांवर वर्षभर मुलींची तोंडं बंद राहतात. मी दोघांच्या सह्या मागते, त्यातली एक दुसऱ्या विभागातली.