यू नसताना क्यू कसा लावावा

स्क्रॅबल या बोर्डावर इंग्रजी शब्द जुळवण्याच्या खेळात अक्षरांच्या १०० टाइल्स असतात; त्यांत क्यू एकच असतो आणि त्याला १० गुण असतात. यू चार असले, तरी हवा त्या वेळी त्यांतला एकही हाताशी नसतो. इंग्रजीत क्यूच्या मागोमाग यू येतोच, हे शाळेत मनावर इतके पक्के बिंबलेले असते की नवा खेळाडू क्यू रॅकवर, म्हणजे हातातल्या सात टाइल्सच्या पट्टीवर, ठेवून यूची वाट पाहतो आणि चार-पाच खेळ्या उरलेल्या सहाच टाइल्सवर काढतो. शेवटपर्यंत क्यू हातात राहिला, तर प्रचलित नियमाप्रमाणे आपले १० गुण वजा होतात आणि टाइल्स आधी संपवणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला तेच १० मिळतात, म्हणजे फरक २० गुणांचा पडतो. यावर उपाय म्हणजे क्यू-आय आणि क्यू-ए या दोन अक्षरजोड्या असलेले मोजके छोटे शब्द पाठ करणे.

पहिला शब्द दोनच अक्षरांचा आहे: क्यू-आय. त्याचा उच्चार 'ची' असा होतो आणि अर्थ चिनी विचारातील प्राणशक्ती. चिनी भाषा रोमन लिपीत लिहिताना 'च'च्या जवळच्या एका ध्वनीसाठी क्यू वापरतात, म्हणून हे स्पेलिंग. खेळात चालणाऱ्या शब्दांच्या उत्तर अमेरिकेतील अधिकृत यादीत हा शब्द २००६ मध्ये आला. दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी हा एक शब्द विसरू नये, कारण तो एकाच खेळीत आडवा आणि उभा असा दोनदा लागू शकतो.

समजा, बोर्डावर एस-आय-टी हा शब्द आडवा लागलेला आहे, त्याच्या वरची आणि खालची ओळ रिकामी आहे आणि त्यातील आयच्या बरोबर वरचे घर ट्रिपल लेटरचे, म्हणजे त्यावरील अक्षराचे गुण तिप्पट करणारे, आहे. त्या घरात क्यू ठेवावा आणि त्याच्या उजवीकडे, म्हणजे टीच्या डोक्यावर, आपल्याकडचा आय ठेवावा. आडवा क्यू-आय तयार होतो, उभा क्यू-आय तयार होतो, शिवाय आय-टी हा उभा शब्दही तयार होतो. क्यूचे १० गुण तिप्पट होऊन दोन्ही शब्दांत धरले जात असल्याने ३१, ३१ आणि २ मिळून ६४ गुण होतात. केवळ दोन टाइल्स खर्चून एवढे गुण क्वचितच मिळतात; म्हणून क्यू हातात असताना बोर्डावरील प्रत्येक आयच्या वरचे आणि डावीकडचे घर आधी तपासावे.

क्यू-ए या जोडीत मराठी माणसाला घरचीच माणसे भेटतात. अरबीतील, कंठाच्या मुळातून येणारा 'क' रोमन लिपीत क्यूने लिहिण्याची रीत आहे आणि तिकडून आपल्याकडे आलेले कितीतरी शब्द आपण रोज बोलतो. क्यू-ए-डी-आय म्हणजे आपला काझी. तीच चार अक्षरे फिरवून क्यू-ए-आय-डी केले की टोळीचा नायक, 'कायद-ए-आझम'मधला कायद, मिळतो. चारही अक्षरे तीच असल्याने बोर्डावर जो बसेल तो लावावा. क्यू-ए-टी ही येमेनमध्ये चघळतात ती पाने. क्यू-ए-एन-ए-टी म्हणजे इराणी पद्धतीचा भूमिगत जलमार्ग. मलिक अंबरने सतराव्या शतकात औरंगाबादेत बांधलेली नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा शब्द पाठ करावा लागणार नाही. बी-यू-आर-क्यू-ए हा बुरखा आणि एन-आय-क्यू-ए-बी हा नकाब, या दोघांतही क्यू-ए आहेच.

फकिराचे स्पेलिंग केने होते तसेच क्यूनेही होते, आणि एफ-ए-क्यू-आय-आर या रूपात क्यू-आय ही जोडी मधोमध येते. टी-ए-एल-ए-क्यू म्हणजे तलाक, तर एस-यू-क्यू म्हणजे अरबी बाजार. त्यात यू असला तरी तो क्यूच्या आधी येतो. या सर्व नामांना शेवटी एस लावून अनेकवचन करता येते, त्यामुळे दुसऱ्याने लावलेल्या क्यूचा लाभही एका एसच्या जोरावर घेता येतो.

मात्र कानावर फार विसंबू नये. मराठीत 'क' एकच असल्याने किताबातला क आणि फकिरातला क आपल्याला सारखेच ऐकू येतात, पण किताबाच्या अरबी स्पेलिंगात क्यूचा ध्वनी नाही. दुसरा खड्डा विशेषनामांचा. इराक आणि कतार ही नावे क्यूने लिहिली जात असली तरी देशांची नावे चालत नाहीत. मी स्वतः इराक मोठ्या ऐटीने लावून चॅलेंजमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने शब्दावर आक्षेप घेतल्यावर, खेळी गमावली आहे. कॉलिन्स या शब्दकोशाची यादी आणि उत्तर अमेरिकेची यादी यांतही फरक असल्याने कोणती यादी मानायची हे खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

आय किंवा ए हाताशी नसेल आणि बोर्डावरही त्यांच्या शेजारी जागा दिसत नसेल, तर क्यू पिशवीत परत टाकून दुसरी टाइल घेणे शहाणपणाचे ठरते. त्यात एक खेळी जाते. तरीही निर्णय लांबवू नये, कारण पिशवीत सातपेक्षा कमी टाइल्स उरल्या की बदलण्याची मुभा राहत नाही.