सीक्यूसीचं इन्स्पेक्शन येतंय? जीपी सर्जरीत या चुका टाळा

आमच्या दवाखान्यात लसींच्या फ्रिजच्या दारावर तापमानाचा तक्ता लावलेला होता. सोमवारी आत्ताचं तापमान ५.१, किमान ३.२, कमाल ११.६. मंगळवारी ५.०, ३.२, ११.६. बुधवारी पुन्हा कमाल ११.६. असं करत पुढच्या सोमवारपर्यंत कामाच्या सहाही दिवशी कमाल ११.६, आणि प्रत्येक ओळीपुढे झोकदार सही. इन्स्पेक्टर बाईंनी त्या आकड्यांवरून बोट फिरवलं आणि शांतपणे विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

काहीच केलं नव्हतं. पहिल्या सोमवारी लसींची डिलिव्हरी आली, खोकी लावेपर्यंत दार उघडं राहिलं, थर्मामीटरने ११.६ टिपलं. त्यानंतर रीसेटचं बटण कुणी दाबलंच नाही, म्हणून तोच आकडा आठवडाभर तक्त्यावर उतरत राहिला. लसी बहुधा ठणठणीत होत्या. पण ते सिद्ध कशाने करणार? मर्यादा २ ते ८ अंशांची, आणि कागद म्हणतोय ११.६. नोंद केलीच नसती तर निष्काळजी ठरलो असतो. नोंद करून गप्प बसलो, हे त्याहून वाईट दिसलं. या एका प्रश्नापाशीच आम्हा लोकांचं घोडं पेंड खातं.

मी इंग्लंडात एका जीपी सर्जरीची प्रॅक्टिस मॅनेजर आहे. (जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर, आणि सर्जरी म्हणजे इथे त्यांचा दवाखाना. माझी आई अजून शेजारणींना सांगते की लेक ऑपरेशन थिएटरात असते.) केअर क्वालिटी कमिशन, म्हणजे सीक्यूसी, ही आरोग्यसेवा तपासणारी इंग्लंडपुरती संस्था. ती २००९ पासून आहे, पण जीपी सर्जरी तिच्या कक्षेत आल्या एप्रिल २०१३ मध्ये. प्रश्न पाचच: सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, माणुसकीची आहे का, लोकांच्या गरजेला धावते का, आणि कारभार नीट आहे का. शेरे चार: आउटस्टँडिंग, गुड, रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट, इनॅडिक्वेट. मिळालेला शेरा पेशंटला दिसेल असा लावावाच लागतो. २०२४ मध्ये सरकारने नेमलेल्या डॉ. पेनी डॅश यांच्या अहवालाने खुद्द सीक्यूसीच्या कारभारावरच ताशेरे ओढले, तेव्हा आमच्या किचनमध्ये त्या दिवशी चहाबरोबर केक होता हे मान्य करते. पण इन्स्पेक्शन टळलेलं नाही.

फ्रिज

फ्रिजचंच आधी पुरतं सांगते, कारण चुका इथे सर्वांत जास्त आणि उपाय सर्वांत स्वस्त. रोज आत्ताचं, किमान आणि कमाल असे तीनही आकडे लिहा आणि लगेच रीसेट करा. आमच्याकडे आता तक्त्यात "रीसेट केलं" असा वेगळा रकाना आहे, आणि शेवटी मोकळी जागा. आकडा मर्यादेबाहेर गेला की तिथे एक ओळ लिहायचीच: "डिलिव्हरी, दार उघडं, वीस मिनिटांत ५.४ वर." फ्रिजमध्ये डेटा लॉगर (तापमान आपोआप टिपत राहणारं यंत्र) ठेवला तर तापमान किती वेळ चढलं होतं तेही कळतं, आणि त्या आठवड्यात आमच्याकडे नेमकं तेच नव्हतं.

तापमान खरंच बिघडलं तर दोन उलट्या चुका होतात. एक, लसी घाबरून फेकून देणं. दुसरी, "थोडंच तर वाढलंय" म्हणत त्याच टोचत राहणं. लसी दुसऱ्या चालू फ्रिजमध्ये हलवा, "वापरू नका" अशी चिठ्ठी लावून बाजूला ठेवा, आणि कंपनीला व लसीकरणाच्या टीमला विचारा. लोक गरम होण्याला घाबरतात, पण बऱ्याच लसींना गोठणं जास्त बाधतं. ० च्या खाली गेलेली लस वरून अगदी चांगली दिसू शकते. म्हणून डबे मागच्या भिंतीला टेकवू नका आणि फ्रिज गच्च भरू नका. प्लगवर "बंद करू नये" असं लिहा, नाहीतर साफसफाईवाले व्हॅक्युमसाठी नेमका तोच काढतात.

पीजीडीवरची सही

नर्सने प्रत्येक पेशंटसाठी डॉक्टरचं वेगळं प्रिस्क्रिप्शन न घेता ठरावीक लस द्यायची, त्याची कायदेशीर परवानगी म्हणजे पीजीडी (पेशंट ग्रुप डायरेक्शन). तिच्या शेवटी नावांची यादी असते: नर्सची सही, आणि तिला अधिकार देणाऱ्याची सही. डॉक्टर मार्चमध्ये खाली सही करून मोकळे होतात. जूनमध्ये नवी नर्स येते आणि वरच्या रिकाम्या ओळीत आपलं नाव घालते. म्हणजे तिला अधिकार दिला कुणी? कुणीच नाही, आणि तोवर तिने टोचलेल्या लसी परवानगीविना. त्यामुळे सही झाल्या झाल्या उरलेल्या ओळींवर काट मारा आणि नव्या माणसासाठी नवी सही घ्या. शिवाय हेल्थकेअर असिस्टंटला पीजीडीवर काम करताच येत नाही. तिच्यासाठी पेशंटच्या नावानिशी लेखी सूचना हवी, आणि ती लस देण्याआधीची हवी.

कॉम्प्युटर सगळं सांगतो

पूर्वी इन्स्पेक्शन म्हटलं की आम्ही भिंती पुसायचो. नाशिकला मी नर्सिंग होममध्ये होते, तिथेही "साहेब येणार" म्हटलं की पडदे बदलायचे. इथे आता सीक्यूसीची जीपी सल्लागार मंडळी एमिस किंवा सिस्टमवन या पेशंटच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरवर ठरलेल्या सर्च चालवून पेशंटच्या नोंदी बघतात, आणि दारात पाऊल टाकण्याआधीच त्यांना तुमची नाडी सापडलेली असते.

त्या सर्च गुपित नाहीत. मेथोट्रेक्सेटचं (संधिवातासारख्या आजारांत देतात ते औषध) उदाहरण घ्या. पेशंट स्थिर असला तरी साधारण दर तीन महिन्यांनी रक्त, किडनी आणि लिव्हरच्या तपासण्या लागतात. "रिपोर्ट हॉस्पिटलकडे आहेत" हे उत्तर मी स्वतः दिलेलं आहे आणि तोंडावर पडले आहे. रिपीट प्रिस्क्रिप्शनवर सही आपली, तर रिपोर्ट पाहिल्याची नोंदही आपलीच हवी. दुसरं, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची साखर सांगणारी तपासणी) इथल्या एककात ४८ किंवा त्याहून जास्त आणि तरीही नोंदीत डायबेटिसचा कोड नाही. रिपोर्ट आला, कुणीतरी "नॉर्मल" म्हणून फाइल केला, फेरतपासणी राहिली, आणि पेशंट डोळ्यांच्या तपासणीच्या यादीबाहेरच राहिला. तिसरं, वर्षात दोन-तीनदा स्टेरॉइडचा कोर्स घेतलेला दम्याचा पेशंट, ज्याला नंतर कुणी फोनही केला नाही. चौथं, जुने सुरक्षा इशारे. क्लोपिडोग्रेलबरोबर (रक्ताच्या गुठळ्या रोखणारं औषध) ओमेप्राझोल (ॲसिडिटीचं) टाळा, हा इशारा २०१० चा. तेव्हाच्या पेशंटची औषधं बदलली, पण काल हॉस्पिटलमधून डिस्चार्ज होऊन आलेल्याचं काय? इशाऱ्याची सर्च एकदा करून भागत नाही, ती पुन्हा पुन्हा चालवावी लागते. आमच्या फार्मासिस्ट ताई महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बसतात, यादी काढतात, प्रत्येक नावापुढे काय केलं ते लिहितात. दोन तासांचं काम आहे.

"मेडिकेशन रिव्ह्यू डन" हा कोड टाकून खाली एक शब्दही न लिहिणं, हे सल्लागारांना लगेच खटकतं. काय पाहिलं, काय ठरलं, निदान दोन ओळी लिहा.

घरची माणसं आणि फाइल

हे आपल्या लोकांच्या मनाला लागेल, पण लिहिते. छोट्या सर्जरीत डॉक्टरांच्या मिसेस वीस वर्षं सगळं सांभाळत असतात आणि नेमकी त्यांचीच फाइल नसते. ना डीबीएस तपासणी (गुन्ह्यांची नोंद आहे का ते बघणारी), ना रेफरन्स, ना सेफगार्डिंगचं (मुलं आणि दुबळ्या माणसांच्या सुरक्षेचं) ट्रेनिंग. फाइल हवीच, घरचं असलं तरी. लोकमची, म्हणजे बदली डॉक्टरचीही हवी. नर्सचं रजिस्ट्रेशन नोकरीला लागताना बघून भागत नाही, नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर टाका.

इमर्जन्सी ट्रॉलीबद्दल थोडक्यात. सुचवलेल्या यादीतलं एखादं औषध तुम्ही ठेवत नसाल तर का ठेवत नाही याचं लेखी रिस्क असेसमेंट लागतं. डिफिब्रिलेटरच्या पॅडवर एक्स्पायरीची तारीख असते, ती बघा. आणि रिसेप्शनवरच्या सर्वांत नव्या मुलीला विचारा, "ऑक्सिजन कुठे आहे?" इन्स्पेक्टर तिलाच विचारणार.

लेजिओनेलाच्या (पाण्यात वाढणारा, न्यूमोनिया करणारा जंतू) बाबतीत गोम नळांच्या तापमानाच्या तक्त्यात. गरम नळाला निदान ५० अंश (आरोग्यसेवेच्या इमारतीत ५५) हवेत, आणि महिनोन्‌महिने ४३ लिहिलेलं असतं. फ्रिजचीच गोष्ट, फक्त उलटी.

तक्रारींना तीन कामकाजाच्या दिवसांत पोच द्या, आणि शेवटच्या उत्तरात ओम्बड्समनकडे (तक्रारींचा स्वतंत्र निवाडा करणारा अधिकारी) जाता येतं हे लिहा. हे वाक्य गळालेली पत्रं मी मोजायचं सोडून दिलंय.

नको तिथे खर्च

वेटिंग रूमचं कार्पेट उखडून लादी बसवलेली सर्जरी मला माहीत आहे. गरज नव्हती. रक्त सांडण्याची शक्यता असते त्या प्रोसिजरच्या खोलीत कार्पेट नको, बाहेर चालतं. कापडी पडदेही चालतात, ते कधी धुतले याची नोंद दाखवता आली की झालं. सीक्यूसीच्या वेबसाइटवर "जीपी मिथबस्टर्स" नावाची पानं आहेत. कंत्राटदाराला फोन करण्याआधी ती वाचा.

आदल्या रात्रीचा उद्योग

तीन महिन्यांचा तक्ता एका बैठकीत, एकाच निळ्या पेनाने, एकाच तिरक्या अक्षरात भरलेला ओळखायला इन्स्पेक्टर असावं लागत नाही. कॉम्प्युटरवर तर नोंद कधी केली त्याची वेळच उमटते. ज्या आठवड्यांची नोंद नाही ती रिकामीच ठेवा. शेजारी आजची तारीख घालून लिहा: नोंदी झाल्या नाहीत, कारण अमुक, आता जबाबदारी तमुककडे. आम्ही ११.६ च्या वेळीही काही लपवलं नाही. इन्स्पेक्शनच्याच दुपारी लसी बाजूला काढल्या, कंपन्यांना फोन केले, घटना सिग्निफिकंट इव्हेंट (धडा घेण्याजोगी चूक) म्हणून नोंदवली. अहवालात चूक आली, आणि तिच्याखालच्या ओळीत हेही आलं.

स्टाफला पढवू नका. आमच्या रिसेप्शनिस्टने घोकलेलं उत्तर इतकं खणखणीत दिलं की इन्स्पेक्टरने हसून पुढचा प्रश्न विचारला, आणि तो आम्ही घोकून घेतला नव्हता.

कच्चा अहवाल आला की त्यातल्या चुका दाखवायला १० कामकाजाचे दिवस मिळतात. तिथे "आम्ही खूप मेहनत करतो" लिहून उपयोग नसतो. त्या दिवशी अस्तित्वात असलेला, पण त्यांच्या नजरेतून सुटलेला कागद जोडावा लागतो. आमच्या वेळी त्या १० दिवसांतले ४ असेच गेले, कारण सीक्यूसीकडे नोंदवलेला ईमेल आधीच्या, निवृत्त झालेल्या मॅनेजरचा होता. आज दुसरं काही जमलं नाही तरी तो पत्ता तेवढा तपासून घ्या.