दोन मीटर ग्लायडरमध्ये सर्व्हो आणि वायरिंग बसवताना

इथे डोळ्यांसमोर असलेलं मॉडेल असं: दोन मीटर पंखविस्ताराचा, रिमोटवर उडणारा मोटर ग्लायडर, दोन तुकड्यांत निघणारा पंख, थ्री-एस (तीन सेलची) बॅटरी आणि सहा सर्व्हो, म्हणजे हलते पृष्ठभाग फिरवणाऱ्या छोट्या मोटर. त्यातले दोन एलेरॉनला (पंखाच्या टोकाकडच्या झडपा), दोन फ्लॅपला (मुळाकडच्या, उतरताना खाली सोडायच्या), एक एलिव्हेटरला (शेपटीची आडवी झडप), एक रडरला (शेपटीची उभी). अशा ग्लायडरमध्ये सर्व्होपेक्षा जोडच जास्त दगा देतात. त्यामुळे वेळ खर्चायचा तो जोडांवर.

चिकटवण्याआधी

पंखात चिकटलेला सर्व्हो काढायला गेलात की पंखाची त्वचाही सोबत येते. म्हणून प्रत्येक सर्व्हो आधी टेबलावरच टेस्टरला लावून दहा मिनिटं चालवा. मधेच अडखळणारा, किंवा दोन्ही बाजूंनी मध्यावर आणल्यावर वेगवेगळ्या जागी थांबणारा सर्व्हो बाजूला ठेवा. शेपटीला नऊ ग्रॅमचा प्लॅस्टिक गिअरवाला चालतो. फ्लॅपला मात्र मेटल गिअरच हवा. इंदूरच्या आसपास सोयाबीन निघाल्यावर शेतं मोकळी होतात आणि उतरायला जागा भरपूर मिळते, पण खाली सोडलेला फ्लॅप धसकटाला अडकला की प्लॅस्टिकचे दात गेलेच.

आर्म (सर्व्होवरचा फिरणारा हात) लावण्याआधी सर्व्हो रिसीव्हरला (रिमोटचा सिग्नल घेणाऱ्या भागाला) जोडा, ट्रिम (रिमोटवरची बारीक दुरुस्ती) शून्यावर आणा आणि 1500 मायक्रोसेकंदांच्या सिग्नलवर सर्व्हो मध्यावर येऊ द्या. एलेरॉनचा आर्म सर्व्होच्या अंगाशी काटकोनात बसवा. फ्लॅपचा तसा बसवू नका. फ्लॅपला खाली साठ-सत्तर अंश जायचं असतं आणि वर जवळपास काहीच नाही, म्हणून आर्म दोन-तीन दाते सरकवून लावला तर सर्व्होची पूर्ण चाल वापरता येते.

बसवणं आणि पुशरॉड

सर्व्होभोवती मास्किंग टेपचा एक वेढा द्या आणि इपॉक्सी त्या टेपवर लावा. पुढे कधी काढायची वेळ आली तर टेप कापून सर्व्हो सुटतो. पातळ सुपरग्लू सर्व्होजवळ आणू नका, तो फटीतून आत झिरपून पोटेन्शियोमीटर (आर्मची जागा मोजणारा भाग) धरतो. हॉट ग्लू हिवाळ्यात छान वाटतो, पण मे महिन्यात उन्हात बंद गाडीत ठेवलेल्या पंखात तो मऊ पडतो आणि सर्व्हो जागेवर डुलू लागतो. त्याच उन्हाळ्यात पाच मिनिटांचं इपॉक्सी निम्म्या वेळात धरतं, म्हणून थोडं थोडंच कालवा.

पुशरॉडला (सर्व्हो आणि पृष्ठभाग जोडणाऱ्या दांडीला) 1.5 मिलिमीटर पियानो वायर पुरते. सर्व्होच्या आर्मवर आतलं भोक, कंट्रोल हॉर्नवर (पृष्ठभागावरच्या उभ्या पट्टीवर) बाहेरचं. असं केल्याने ताकद वाढते आणि गिअरमधली ढिलाई पृष्ठभागापर्यंत कमी पोचते. हॉर्नचं भोक बिजागराच्या रेषेच्या बरोबर वर असावं, नाहीतर वर आणि खाली चाल आपोआप असमान होते. जोडणी झाल्यावर एलेरॉनची मागची कड बोटाने हलवून पाहा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त खेळ असेल तर सूर मारताना फ्लटर (पृष्ठभागाची जोरदार फडफड) होईल, आणि फ्लटर सुरू झाला की पंख वाचवायला वेळ मिळत नाही.

एलिव्हेटरच्या पुशरॉडच्या नळीला फ्यूजलाजमध्ये (धडात) दर दहा-पंधरा सेंटिमीटरवर आधार द्या. आतली दांडी प्लॅस्टिकची असेल तर ती उन्हात लांबते. सकाळी लावलेला ट्रिम दुपारी चुकतो तो त्यामुळेच. स्टील किंवा कार्बन वापरा.

पंखातली वायर

पंखाच्या बोगद्यातून वायर ढकलू नका, अडकते. दोऱ्याला छोटा नट बांधून पंख उभा धरा. नट खाली आला की त्याच दोऱ्याने वायर ओढून घ्या. एलेरॉनला 26 गेज, फ्लॅपला त्याहून जाड 22 गेज. तिन्ही तारा एकमेकींभोवती पिळून घ्या आणि पंखाचे तुकडे जोडणाऱ्या कार्बन जॉइनरच्या कडेला घासतील तिथे हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. कापलेल्या कार्बनची कड इन्सुलेशन सोलते, आणि कार्बनमधून वीज वाहते.

आता पंखाचं मूळ. दर बाजूला सहा पिनांचा हिरवा कनेक्टर लावा: दोन पिना सिग्नलला, दोन धनाला, दोन ऋणाला. तपकिरी ऋण, लाल धन, नारिंगी सिग्नल. काही कंपन्या काळा, लाल, पांढरा देतात. सोल्डर करताना नर-मादी एकमेकांत घालूनच ठेवा. सुटा कनेक्टर तापला की प्लॅस्टिक वितळून पिना तिरक्या होतात आणि नंतर बसतच नाहीत. आधी हीट श्रिंक तारेवर सरकवा (हे विसरणं सगळ्यांच्याच नशिबी आहे), मग पिन आणि तार दोन्हींना आधी सोल्डरचा थर द्या आणि दोन सेकंदांत जोडून मोकळे व्हा. हीट श्रिंक आणि सोल्डर इंदूरच्या जेल रोडवर मिळेल.

इथली नेहमीची चूक आरशाची. एक अर्धा समोरून वाचला जातो, दुसरा मागून. सर्व्होचा साधा प्लग उलटा घातला तर सहसा काही जळत नाही, कारण धन मध्ये असतं. या कनेक्टरमध्ये ती सोय नाही. धन-ऋण उलटलं तर एका फटक्यात दोन सर्व्हो जातात. म्हणून सोल्डरच्या बाजूने दिसतं तसं चित्र कागदावर काढा आणि बॅटरी लावण्याआधी प्रत्येक पिन मल्टिमीटरने तपासा. नंतर प्रत्येक तार ओढून पाहा.

वीज

नऊ ग्रॅमचा सर्व्हो अडकला की साधारण पाऊण अँपिअर खेचतो. सहा मिळून चार अँपिअरच्या वर. स्वस्त ईएससीमधला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या भागातला) लिनियर बीईसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणारा भाग, 12.6 व्होल्ट उतरवून 5 करताना उरलेलं सगळं उष्णतेत घालवतो. दोन अँपिअरला पंधरा वॅट होतात, तेही हवा न खेळणाऱ्या फ्यूजलाजमध्ये. फ्लॅप सोडून उतरताना रिसीव्हर बंद पडतो तो बहुधा यामुळे. पाच अँपिअरचा स्विचिंग बीईसी वेगळा लावा आणि ईएससीच्या प्लगमधली लाल तार काढून तिला टेप लावा.

फ्लॅपना वाय-केबल (एका चॅनलवर दोन सर्व्हो जोडणारी) नको. सर्व्हो एकमेकांच्या प्रतिमेसारखे बसलेले असतात, त्यामुळे एक फ्लॅप खाली गेला की दुसरा वर जातो. एलेरॉनला वाय चालते, पण वर दोन भाग आणि खाली एक भाग असा डिफरन्शियल रिमोटवरून देता येत नाही, आणि वळताना नाक उलट्या बाजूला ओढलं जातं. वेगळी चॅनलं घ्या.

अँटेना आणि शेवटची तपासणी

2.4 गिगाहर्ट्झच्या अँटेनाचं टोकाचं 31 मिलिमीटर उघडं टोक हेच खरं काम करतं. ते कापू किंवा वाकवू नका; दोन अँटेना असतील तर एकमेकींशी काटकोनात ठेवा. फ्यूजलाज कार्बनचं असेल तर टोकं बाहेर काढावीच लागतात.

फेलसेफमध्ये (रिमोटचा सिग्नल तुटल्यावर) मोटर बंद झाली पाहिजे. प्रोपेलर काढा, रिमोट बंद करा आणि खात्री करा. मग प्रोपेलर लावा, रिमोट रेंज-चेकवर (कमी ताकदीवर) ठेवा, मॉडेल दुसऱ्याला घट्ट धरायला सांगा आणि तीस पावलं दूर जा. मोटर चालू आणि बंद, दोन्ही वेळा सहाही पृष्ठभाग हलले पाहिजेत. फक्त मोटर चालू असताना थरथरत असतील तर रिसीव्हर ईएससीच्या फार जवळ बसलाय. तो सरकवा आणि पुन्हा तीस पावलं चाला.