साताऱ्याच्या घाटासाठी बूट घेताना
बूट घ्यायला संध्याकाळीच जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात. सकाळी नेमका बसलेला जोड पळताना चावतो. मोजे पळायचेच घाला. बोटांपुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवीच. सातारा हिल हाफ मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढताना काही कळत नाही, उतरताना बोटं पुढे आपटतात. पहिल्या वर्षी माझं नख काळंनिळं झालं, दिवाळीआधी गळूनही पडलं. वरचं शेवटचं भोक सगळे रिकामं सोडतात ना, त्यातूनही नाडी ओवून आवळा, पाय सरकत नाही.

सरावाला दणकट जोड. शर्यतीला हलका चालेल, पण आधी त्यात 40 किलोमीटर तरी पळा. पावसात भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा. गॅसजवळ नको, तळवा सुटतो (आईने केलंय).