एक आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटताना या चुका टाळा

आयपीव्ही४ या इंटरनेटवरील पत्ते देण्याच्या जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी आणि त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११मध्येच वाटून संपला. भरपूर पत्ते असलेली नवी पद्धत, म्हणजे आयपीव्ही६, सर्वत्र रुळेपर्यंत एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांना देणे बऱ्याच सेवादात्यांना भाग पडते. पत्ता असा वाटण्याच्या पद्धती अनेक आहेत: त्यासाठी कॅरिअर-ग्रेड नॅट वापरा, डीएस-लाइट वापरा किंवा मॅप-ई. प्रत्यक्षात वाटले जातात ते पोर्ट, म्हणजे एकाच पत्त्यावरच्या वेगवेगळ्या जोडण्या ओळखणारे क्रमांक, आणि बहुतेक अडचणी पोर्टांचा हिशेब चुकल्यानेच उद्भवतात.

टीसीपीचे (इंटरनेटवर जोडणी बांधण्याच्या नेहमीच्या पद्धतीचे) पहिले १,०२४ पोर्ट बाजूला ठेवले, तर एका पत्त्यावर ६४,५१२ उरतात. ते ६४ ग्राहकांत समान वाटल्यास प्रत्येकाच्या वाट्याला १,००८ येतात. आकडा मोठा दिसतो, पण एका घरातली सगळी उपकरणे त्यातच भागवतात आणि बंद झालेल्या जोडणीचा पोर्टही लगेच मोकळा होत नाही. वाटा संपला की पान उघडते पण निम्मी चित्रे येत नाहीत, आणि थोड्या वेळाने तेच पान व्यवस्थित दिसते. वेगाची चाचणी मात्र निर्दोष येते, त्यामुळे तक्रार ‘नेट अडकतंय’ अशी नोंदवली जाते आणि तंत्रज्ञ केबल तपासत बसतो. अशा वेळी आधी त्या ग्राहकाला पोर्ट नाकारले गेल्याची मोजणी पाहावी. जोडण्यांची कालमर्यादा कमी करून पोर्ट वाचवण्याचा मोह होतो, परंतु प्रस्थापित टीसीपी जोडणी शांत असली तरी किमान २ तास ४ मिनिटे टिकवावी असे मानक सांगते. ती मर्यादा मोडली की शांत असलेली दूरस्थ सत्रे मध्येच तुटतात. गरजेनुसार पोर्टांचा आणखी एक गट देणे हा त्याहून बरा उपाय आहे.

अशा तक्रारीवर दिला जाणारा ‘आयपीव्ही६ बंद करून पाहा’ हा सल्ला तर घातकच म्हणावा लागेल, कारण त्यामुळे सामायिक पत्त्याची गरज नसलेली वाहतूकही पुन्हा त्याच तुटपुंज्या पोर्टांवर येते.

दुसरी मोठी चूक सर्व्हरच्या नोंदींत होते. सामायिक पत्ता आणि वेळ एवढ्यावरून उपद्रव करणारा ग्राहक ओळखता येत नाही; पाठवणाऱ्याचा पोर्ट आणि सेकंदापर्यंतची अचूक वेळही नोंदवावी लागते. सर्व्हर लोड बॅलन्सरमागे (येणारी वाहतूक अनेक सर्व्हरांत वाटणाऱ्या यंत्रणेमागे) असेल तर त्याला दिसणारा पोर्ट बहुधा बॅलन्सरचा असतो, म्हणून ही नोंद बॅलन्सरवरच घ्यावी. घड्याळे जुळलेली नसतील, तर दरम्यान तोच पोर्ट दुसऱ्याला मिळालेला असल्यास भलत्याच ग्राहकावर ठपका येतो. सेवादात्याने पोर्ट एकेक न देता गटाने दिले, तर प्रत्येक जोडणीऐवजी प्रत्येक गटाची एकच नोंद पुरते. संशयित पत्ता सरसकट रोखणेही याच कारणाने टाळावे. एकाच्या उपद्रवाची शिक्षा त्या पत्त्यावरील सगळ्यांना होते.

सेवादात्याने ग्राहकाच्या राउटरला १०ने सुरू होणारा खासगी पत्ता दिला, तर तो घरातल्या जाळ्याशी भिडू शकतो. सेवादाता आणि ग्राहकाचा राउटर यांच्यामधल्या पत्त्यांसाठी १००.६४.०.०/१० हा पट्टा (१००.६४पासून १००.१२७पर्यंत सुरू होणारे पत्ते) २०१२मध्ये राखून ठेवला आहे. राउटरच्या बाहेरच्या बाजूला या पट्ट्यातला पत्ता दिसत असेल, तर केवळ राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (ठरावीक पोर्टवर आलेली वाहतूक घरातल्या उपकरणाकडे पाठवण्याची सोय) लावून बाहेरून घरातल्या कॅमेऱ्यापर्यंत पोहोचता येणार नाही. कॅमेरा आयपीव्ही६वर चालत असेल तर फायरवॉलमध्ये (बाहेरची वाहतूक अडवणाऱ्या यंत्रणेत) त्याला वाट द्यावी, अन्यथा सेवादात्याकडे स्वतंत्र पत्ता मागावा.