चित्रकाराची वेबसाइट नव्याने करताना: ‘कशी वाटली?’ सोडून काय विचाराल

नवी वेबसाइट होत आली की आपण चित्रकार मंडळी एक चूक हमखास करतो. दहा-बारा ओळखीच्यांना लिंक धाडतो आणि खाली लिहितो, ‘कशी वाटली सांगा.’ संध्याकाळपर्यंत उत्तरं येतात. ‘मस्त!’, ‘फारच सुंदर’, चार अंगठे, दोन टाळ्या. हाती काहीच लागत नाही. लोक खोटं बोलतात असं नाही, पण आपण रात्री जागून केलेल्या कामाला तोंडावर नावं कोण ठेवणार?

माझ्या पहिल्या साइटला असेच अंगठे मिळाले होते. चार महिन्यांनी कळलं की फोनवर संपर्काचा फॉर्म भरायला घेतला की ‘पाठवा’ हे बटण कीबोर्डच्या मागे दडतं. कुणी सांगितलं नाही, कारण कुणी फॉर्म भरूनच पाहिला नव्हता. तेव्हापासून मी मत विचारत नाही. काम देते आणि बघत बसते.

आधी जुनी साइट नीट बघा

मोडतोड करण्यापूर्वी जुन्या साइटच्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि सगळ्या पानांचे पत्ते एका यादीत उतरवा. ही यादी शेवटी लागणार आहे. मग एका कागदावर लिहा की ही साइट मुख्यतः कुणासाठी आहे. चित्र विकत घेणाऱ्याला ते शिल्लक आहे का आणि किंमत कशी विचारायची, हे हवं असतं. प्रदर्शन भरवणाऱ्याला माध्यम, वर्ष, मापं आणि छापता येईल अशी मोठी प्रतिमा हवी असते. मासिकासाठी चित्रं करून घेणाऱ्याला तुमची आधीची छापील कामं बघायची असतात. तिघांनाही पहिलं स्थान देता येत नाही. हे ठरलं नसेल तर येणाऱ्या सूचनांपैकी कुठली कामाची, हे तुम्हालाच कळणार नाही.

माणसं कुठली निवडायची

पाच पुरेत. याकोब निल्सन या वापरसुलभतेच्या अभ्यासकाने २००० साली हा हिशेब मांडला होता: एक माणूस सरासरी ३१ टक्के अडचणी उघड करतो आणि पाच जणांत सुमारे ८५ टक्के सापडतात, कारण पुढचा प्रत्येक जण बहुतेक त्याच ठेचा खातो. पंधरा जण मिळत असतील तर एकदम न बसवता पाच-पाचच्या तीन फेऱ्या करा आणि मधे दुरुस्त्या करा, असंही त्यानेच सुचवलं. हे गणित एकाच प्रकारच्या लोकांपुरतं खरं आहे. विकत घेणारे आणि प्रदर्शन भरवणारे दोघेही महत्त्वाचे असतील, तर दोन्हीकडचे तीन-चार जण बघा.

तुमची चित्रं आधी न पाहिलेले लोक सर्वांत उपयोगी. वाचायला चष्मा लागणारं एक तरी माणूस त्यात असू द्या. चित्रकार मित्रांना मात्र या फेरीतून वगळा. ते चित्रं बघतात, अक्षरांचं वळण बघतात आणि वाद घालतात. चित्रांची निवड आणि क्रम ठरवताना त्यांना वेगळं बसवा, तिथे त्यांच्यासारखं कुणी नाही.

बसवा, काम द्या, गप्प राहा

सगळा लेख विसरलात तरी चालेल, एवढा भाग करा.

साइट अर्धवट असतानाच दाखवा. फार गुळगुळीत झालेलं काम बघून लोक बोलायला कचरतात. त्यांच्याच फोनवर दाखवा, तुमच्या मोठ्या स्क्रीनवर नको. पहिलं पान पाच सेकंद दाखवून फोन पालथा ठेवायला सांगा आणि विचारा, ‘ही साइट कुणाची? तो माणूस काय करतो?’ ‘काहीतरी इंटिरिअरचं असेल’ असं उत्तर आलं, तर पहिल्या पानाचं काय करायचं ते तुम्हाला कळलं.

मग दोन-तीन कामं द्या. काम सांगताना मेनूतला शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. ‘संग्रह या विभागात जा’ म्हटलं की परीक्षा संपली, उत्तर तुम्हीच दिलंत. त्याऐवजी म्हणा, ‘तुमच्या घरी अडीच फूट रुंदीची भिंत मोकळी आहे. तिथे मावेल असं, अजून विकलं न गेलेलं चित्र शोधा.’

हेच काम मी एका बाईंना दिलं होतं. त्या एका चित्रापाशी थांबल्या, ‘९० × ६० सेंमी’ वाचलं, हवेत दोन्ही हात पसरून अंदाज घेतला आणि ‘नाही बसणार’ म्हणून पुढे गेल्या. चित्र उभं होतं, रुंदी ६०च. आपल्या व्यवसायात उंची आधी लिहायची रीत आहे, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? आता मी ‘उंची ९०, रुंदी ६०’ असं लिहिते. ‘साइट कशी वाटली?’ विचारलं असतं तर त्या ‘छान’ म्हणाल्या असत्या.

मनात येईल ते मोठ्याने बोलत राहायला सांगा. ‘इथे दाबू का?’ असं विचारलं तर ‘तुम्हाला काय वाटतं?’ एवढंच म्हणा. आपला हात शिवशिवतो, पण तो आवरायचा. बोट कुठे घुटमळलं, कुठून मागे आले, कुठला शब्द दोनदा वाचला, हे टिपून घ्या. प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तर व्हिडिओ कॉलवर त्यांना स्क्रीन शेअर करायला सांगा.

काही गोष्टी स्वतःच तपासा

रंग बरोबर आलेत का, हे मूळ चित्र न पाहिलेला माणूस सांगू शकत नाही. प्रतिमा एसआरजीबी (sRGB) प्रोफाइलमध्ये, म्हणजे वेबवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या रंगमानकात जतन करा, नाहीतर काही ठिकाणी रंग मळकट दिसतात. मूळ चित्र दिवसाच्या उजेडात ठेवून दोन वेगवेगळ्या फोनवर ताडून बघा. चित्राखालच्या मजकुराला फिकट राखाडी रंग देण्याचा आपल्याला भारी सोस. अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ हवा, तो मोजणारी साधनं फुकट मिळतात. पानावरचा मुख्य भाग, म्हणजे बहुधा तुमचं सर्वांत मोठं चित्र, अडीच सेकंदांत दिसायला हवा.

आलेल्या सूचनांचं काय करायचं

लोकांची तक्रार बहुधा खरी असते, त्यांनी सुचवलेला उपाय क्वचितच. ‘वर स्लाइडशो टाका’ असं कुणी म्हणालं तर आधी ‘का?’ विचारा. ‘एकच चित्र दिसतं, मला वाटलं तुम्ही फक्त निसर्गचित्रं करता.’ मग तीन वेगळ्या प्रकारची चित्रं शेजारी शेजारी लावली की भागतं, स्लाइडशोची गरज नाही.

इथे मतदानही नको. पाचातल्या एकालाच संपर्काचं पान सापडलं नाही, तरी ते दुरुस्त करायचंच. उलट तिघांना काळी पार्श्वभूमी हवी असेल आणि तुम्हाला नको असेल, तर तो तुमचा निर्णय आहे. आभार माना आणि सोडून द्या.

दुरुस्त्या झाल्या की नव्या दोघा-तिघांना तीच कामं द्या. आधीच्यांना आता वाट पाठ झालेली असते.

साइट चालू करताना ती सुरुवातीची यादी काढा आणि प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्या पानाकडे ३०१ प्रकारचं कायमचं रिडायरेक्ट लावा, म्हणजे जुना पत्ता उघडणारा आपोआप नव्या पानावर पोचेल. जुन्या प्रदर्शनाच्या पत्रिकेत छापलेला पत्ता काही बदलता येत नाही. पुढचा महिनाभर येणारे मेल जपून ठेवा. पानावर किंमत लिहिलेली असूनही कुणी किंमत विचारली, तर उत्तर देताना सहज विचारा, साइटवर ती शोधली होती का, आणि कुठे.