मोगरा हिरवागार, पण कळ्या कुठे? या चुका टाळा

मोगऱ्याची तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: झाड जोमात आहे, फूल मात्र नाही. दोष झाडाचा क्वचितच असतो. आपण पानं पोसत बसतो आणि कळी उपाशी राहते.

सगळ्यात महागात पडते ती छाटणीची भीती. मोगऱ्याला कळी येते नव्या फुटीच्या टोकाला. जुन्या फांद्या तशाच ठेवल्या की झाड पसरतं, आतली फूट सावलीत दबते आणि कळ्या बोटांवर मोजण्याइतक्या लागतात. तमिळनाडूत नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मोगरा जमिनीपासून सुमारे ५० सेंमीवर छाटतात, मग मार्चपासून बहर धरतो. पहिल्या वर्षी मी नुसते शेंडे खुडले होते. त्या उन्हाळ्यात देवापुरतीही फुलं निघाली नाहीत. जाई-जुईला मात्र हेच वेळापत्रक लावू नका. तिकडे जाईची छाटणी डिसेंबरअखेर होते, जुईची जानेवारीअखेर.

दुसरी चूक युरियाची. युरियातल्या नत्राने (नायट्रोजनने) पानं तुकतुकीत होतात आणि आपण खूश होतो. तमिळनाडूतल्या शिफारशीत मोगऱ्याच्या एका झाडाला वर्षाला ६० ग्रॅम नत्र, तर स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) प्रत्येकी १२० ग्रॅम आहे, म्हणजे नत्र निम्मंच. ही मात्राही दोन हप्त्यांत द्यायची: छाटणीनंतर आणि जून-जुलैत. शेणखत वेगळं, झाडामागे १० किलो. आणि झाड आंब्याच्या सावलीत असेल तर खताची गोणी उघडूच नका, आधी ऊन द्या.

पानं पिवळी पडली की लगेच पाणी वाढवायचं, हीही सवय सोडा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता, चुनखडीच्या जमिनीत हमखास दिसणारी. लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट मिसळून फवारा. खालची पानं पिवळी आणि माती चिकट असेल तर निचरा तपासा. शेताच्या एकाच पट्ट्यात झाडं खुरटली असतील तर एक उपटून मुळं बघा. सूत्रकृमी, म्हणजे मुळांवर जगणारे बारीक कृमी, निघण्याची शक्यता मोठी.

कळ्या लागल्या पण उमलल्याच नाहीत? औषध आणण्याआधी दोन-चार कळ्या नखाने फोडून पाहा. आत पोखरलेलं, शेजारच्या कळ्या जाळ्याने बांधलेल्या, तर कळी पोखरणारी अळी. देठाजवळ फुगून कळी जांभळट झाली असेल तर माशीच्या बारीक अळ्या. ही माशी कोषावस्थेत मातीत जाते, म्हणून खराब कळ्या झाडाखाली टाकून देणं म्हणजे पुढच्या पिढीची सोय करणं. गोळा करून नष्ट करा, आळ्यातली माती हलवा. पानामागे जाळी आणि वर पांढुरके ठिपके असतील तर लाल कोळी. त्याला पाण्यात विरघळणारं गंधक चालतं, पण भर दुपारच्या उन्हात नाही.

आता खरा पैशांचा भाग. गजऱ्याला विकायची ती पूर्ण वाढलेली, पांढरी, पण न उमललेली कळी. पहाटे खुडलेली कळी संध्याकाळी माळल्यावर उमलते, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्या उमलण्याचेच. दहाला तोडायला गेलात तर निम्मा दिवस हातचा गेला. कळ्या ओल्या असताना प्लास्टिकच्या पिशवीत कोंबल्या तर वाटेतच तपकिरी होतात.

म्हणूनच झाडं किती लावायची हे जमिनीवर नाही, पहाटेच्या हातांवर ठरवा. कर्नाटकात उडुपीकडच्या शंकरपुरा मल्लिगेचा (तिथल्या मोगऱ्याचा) हिशेब अट्टे आणि चेंडूंवर चालतो; चेंडू म्हणजे ओवलेल्या फुलांची गुंडाळी, आणि चार चेंडूंचा एक अट्टे, आणि ही लागवड मोठ्या मळ्यांपेक्षा घराभोवतीच जास्त. घरातलीच माणसं खुडतात, घरातच फुलं ओवली जातात. तमिळनाडूतल्या मदुराई मल्लीला, म्हणजे मदुराईच्या मोगऱ्याला, २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी तिथलाही भाव लग्नसराईत चढतो आणि भर बहरात कोसळतो. थंडीत कळी कमी, मागणी जास्त, तेव्हा चार किलोही कमावून देतात. एप्रिलच्या लाटेत मजूर लावून तोडलेला माल कधीकधी मजुरीलाही पुरत नाही.